तुरळक ठिकाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



बातम्या संपत आल्या की निवेदक शेवटी हवामानाकडे वळतो आणि नेमक्या त्याच क्षणी घरात कुणीतरी उठून रेडिओचा आवाज कमी करतं. राजकारण ऐकून झालं, क्रिकेटचा धावफलक ऐकून झाला, आता ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता’ ऐकून काय करायचं, असा त्यामागचा भाव असतो. माझं मात्र उलट आहे. मी शब्दांत रमणारा माणूस. पाऊस हा आम्हा कवींचा जुना, जवळजवळ बदनाम झालेला विषय. पण पावसावर कवींनी जितकं सैल लिहिलं, तितकंच हवामान खात्यानं घट्ट लिहिलं आहे, असं माझं मत होत चाललंय. सगळ्या बातमीपत्रात सर्वांत तोलूनमापून वापरलेली मराठी कुठं असेल, तर ती या शेवटच्या दोन-तीन वाक्यांत.

‘तुरळक ठिकाणी’ हेच घ्या. आपल्याला वाटतं, खात्यानं स्वतःची सुटका करून घेण्यासाठी हा शब्द ठेवलाय. पडला तरी बरोबर, नाही पडला तरी बरोबर. तसं नाही. एखाद्या विभागात जितकी पर्जन्यमापक केंद्रं असतील, त्यांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. पावापासून निम्म्यापर्यंत गेला की ‘काही ठिकाणी’. निम्म्याच्या वर गेला की ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि तीन चतुर्थांशाच्या वर ‘बहुतांश ठिकाणी’. पाऊस झाला असं कधी म्हणायचं, तेही ठरलेलं आहे. किमान अडीच मिलिमीटर. अंगणात चार थेंब पडले आणि वाळत घातलेली कुरडई आत घ्यावी लागली, तरी खात्याच्या वहीत तो पावसाचा दिवस होत नाही. ‘जोरदार’ म्हणायलाही परवाना लागतो. चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटर झाला तर ‘मुसळधार’, ११५.६ च्या वर ‘अतिमुसळधार’ आणि २०४.४ च्या पलीकडे ‘अत्यंत मुसळधार’. ‘शक्यता’ आणि ‘दाट शक्यता’ यांच्यामागंही टक्के ठरलेले असतात. विशेषणाला असा हिशेब द्यावा लागला असता, तर आमच्यापैकी अनेकांचे कवितासंग्रह निम्मे झाले असते.

आता समजा, चार गावं आहेत आणि खात्यानं ‘तुरळक ठिकाणी’ सांगितलं. एका गावात पाऊस झाला, तीन गावं कोरडी राहिली. अंदाज शंभर टक्के खरा ठरला. पण तीन गावांतले लोक संध्याकाळी पारावर बसून म्हणणार, ‘खात्यानं पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवावी.’ चौथ्या गावातला माणूस बोलतच नाही, कारण तो भिजलेले कपडे वाळत घालत असतो. हवामान खात्याच्या बदनामीचं निम्मं कारण हे असं गणिती आहे.

उरलेलं निम्मं कारण भूगोलाचं आहे, आणि ते समजून घ्यायला आमच्या वाईसारखं दुसरं गाव नाही.

वाई हे कृष्णेकाठचं छोटं शहर. घाट, देवळं, पेशवाईतले वाडे, मराठी विश्वकोशाचं कार्यालय आणि हळदीचा व्यापार, अशी त्याची ओळख. पश्चिमेला पसरणीचा घाट चढला की पाचगणी, आणि तसंच पुढं गेलं की महाबळेश्वर. एसटीनं सगळा मिळून तीस-बत्तीस किलोमीटरचा रस्ता. या रस्त्यावर पाऊस कसा बदलतो पाहा. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर. पाचगणीला दोन हजारांच्या आतबाहेर. आणि घाट उतरून वाईत आलात, की सात-आठशे. भूगोलाच्या पुस्तकात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणून जो धडा असतो, तो आम्ही एका तिकिटात पाहतो. पावसाळ्यात महाबळेश्वरहून निघालेल्या एसटीच्या टपावरून पाणी निथळत असतं आणि वाईच्या स्टँडवर फलाटाशी धूळ उडत असते.

असं का होतं? अरबी समुद्रावरून येणारं वारं बाष्पानं भरलेलं असतं. कोकण ओलांडून ते सह्याद्रीला थडकतं. पुढं जायला वाट नाही म्हणून वर चढतं. हवा वर चढली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरली की थंड होते. दर किलोमीटरला साधारण दहा अंश या हिशेबानं. थंड हवेला पूर्वीइतकं बाष्प पेलवत नाही. त्याचे थेंब होतात, ढग होतात आणि ते ओझं महाबळेश्वरच्या डोक्यावर उतरतं. मग तीच हवा, हलकी झालेली, घाटमाथ्यावरून वाईच्या खोऱ्यात घसरते. आता सगळं उलटं होतं. खाली येताना ती दाबली जाते, गरम होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशेसत्तर मीटरवर, वाई सातशेवीसच्या आसपास. एवढं अंतर उतरताना हवा सहा-साडेसहा अंशांनी तापते. उरलासुरला ढग वाटेतच विरतो. म्हणूनच जुलैमध्ये वाईतून पश्चिमेकडं पाहिलं, तर डोंगराच्या माथ्यावर काळ्या ढगांची भिंत दिवसभर तशीच उभी दिसते. पुढं सरकत नाही. नवख्या माणसाला वाटतं, आता आलाच. गावातला माणूस निवांत चहा पीत असतो.

पण निवांत असला तरी त्याचा एक डोळा नदीवर असतो. कारण ढग अडला तरी पाणी अडत नाही. कृष्णा उगम पावते क्षेत्र महाबळेश्वरला आणि वाहते आमच्याकडं. डोक्यावर ऊन आणि पायाशी पूर, अशी वाईची गंमत आहे. धोमचं धरण झाल्यापासून त्या पाण्याला लगाम बसला, पण त्याआधीच्या माणसांना हे हवामानशास्त्र दगडात लिहावं लागलं. घाटावरचा ढोल्या गणपती पाहिलाय ना? गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं देऊळ. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा अंगावर आला की दुभंगून दोन्ही बाजूंनी जावा म्हणून. बांधणाऱ्याकडं उपग्रह नव्हता, पण आज ना उद्या पूर येणार, हा अंदाज पक्का होता. तारीख तेवढी सांगता येत नव्हती.

आज तारीख सांगता येते, निदान चार-पाच दिवस आधी. ही साधी गोष्ट नाही. आपल्या हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलं. पण शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. तेव्हा अंदाज म्हणजे नकाशावर दाबाच्या रेषा काढून अनुभवी माणसानं लावलेला अदमास असे. आता महासंगणक सगळ्या वातावरणाचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनात पुढं काय होईल याचं गणित मांडतो. आपल्याकडं अनेक वर्षं हा चौकोन बारा किलोमीटरचा होता. मे २०२५ पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये तो सहा किलोमीटरचा झाला. आता वाई आणि पाचगणी यांच्यात रेघ मारून मोजलं, तर अंतर दहा किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे बारा किलोमीटरच्या एका चौकोनात दोन्ही गावं मावू शकत होती. संगणकानं बिचाऱ्यानं दोघांना मिळून एकच पाऊस दिला असता, आणि तो एकालाही लागू पडला नसता. चौकोन लहान होणं, ही मोठ्या शहरांपेक्षा आमच्यासारख्या डोंगराच्या कुशीतल्या गावांना जास्त महत्त्वाची बातमी आहे. हल्ली इशाऱ्यांतही ‘सातारा जिल्हा’ एवढंच न म्हणता ‘साताऱ्याचा घाटमाथा’ असं वेगळं सांगतात. तो वेगळा शब्द ऐकायला शिकलं पाहिजे. घाटमाथ्यासाठी दिलेला ऑरेंज अलर्ट वाईच्या बाजारपेठेत बसून खोटा ठरवण्यात अर्थ नाही.

मग महिन्याभराचा अंदाज गावागावाला का सांगत नाहीत, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या एडवर्ड लोरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाला १९६१ मध्ये मिळालं. तो संगणकावर हवामानाचं एक छोटं गणित चालवत होता. तेच गणित मधूनच पुन्हा चालवायचं म्हणून त्यानं छापील कागदावरचा आकडा भरला, ०.५०६. यंत्राच्या पोटात मूळ आकडा होता ०.५०६१२७. शेवटचे तीन अंक गळले. थोडा वेळ दोन्ही हवामानं हातात हात घालून चालली, आणि मग अशी फाकली की एकमेकांना ओळखेनात. आम्हा गझल लिहिणाऱ्यांना यात नवल वाटत नाही. एक मात्रा गळली की पुढचा सगळा शेर लंगडतो. पण हवामानाच्या दृष्टीनं याचा अर्थ गंभीर आहे. आपण आजची हवा कितीही बारकाईनं मोजली तरी कुठंतरी तीन अंक गळणारच, आणि दिवस जातील तशी ती चूक फुगत जाणार. म्हणून आठवड्याचा अंदाज ऐकताना पहिले दोन-तीन दिवस पक्के धरावेत, पाचव्या दिवसापर्यंत भरवसा ठेवावा आणि सातव्या दिवसाकडं पत्रिकेतल्या गुणांकडं पाहावं तसं पाहावं. लग्न त्यावर मोडू नये.

दर गुरुवारी हवामान खातं पुढच्या दोन आठवड्यांचाही अंदाज देतं. त्यात गावाचं नाव नसतं. अमुक विभागात पाऊस सरासरीपेक्षा जास्त, कमी की तेवढाच, एवढंच असतं. ऐकायला मोघम वाटतं, पण पेरणीच्या दिवसांत त्याची किंमत मोठी आहे. रोहिणीत किंवा मृगाच्या तोंडावर एखादी सर जोरात येते, मातीचा वास सुटतो आणि माणसाचा हात बियाण्याच्या पिशवीकडं जातो. ही सर बहुधा वळवाची असते, मोसमी पावसाची नव्हे. दोन्हींतला फरक ओळखणं अवघड नाही. वळीव दुपारी तापलेल्या जमिनीतून वर उठलेल्या हवेचा. दिवसभर उकडतं, तिसऱ्या प्रहरी पूर्वेला ढगांचे मनोरे चढतात, वारं सुटतं, विजा, गडगडाट, कधी गारा, आणि तासाभरात आभाळ मोकळं. मोसमी पाऊस पश्चिमेकडून येतो, फारसा गाजावाजा न करता, आणि बसला की उठत नाही. वळवाच्या ओलीवर पेरलं आणि मागं पंधरा दिवसांचा खंड पडला, तर कोंब जळतो. मग दुबार पेरणी. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी घसा फोडून सांगतं ते यासाठी. त्या शंभराच्या जोडीला गुरुवारचा अंदाज पाहावा. ओल आता किती आहे हे पहिलं सांगतं, पुढं टिकेल का हे दुसरं.

विजांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि तीननं भागावं. जितकं उत्तर, तितके किलोमीटर वीज दूर. सेकंद तिसाच्या आत आले तर शेतातून निघावं, पण झाडाखाली जाऊ नये. पक्क्या घरात जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं मोबाईल ॲप केलंय. ते आपल्या आसपास कुठं विजा पडताहेत ते दाखवतं. दरवर्षी माणसं जातात ती बहुतेक उघड्या रानात आणि झाडांच्या आडोशाला. एवढी साधी गोष्ट अजून सगळ्यांपर्यंत पोचली नाही.

आता माझ्या आवडीच्या ठिकाणी, म्हणजे शब्दांकडं थोडा वळतो. ‘हवामान’ हा शब्दच पाहा. ‘हवा’ अरबी, ‘मान’ संस्कृत. दोघांचा संसार इतका जुना झालाय की कुणाचं माहेर कुठलं, हे विचारायची कुणाला आठवण नाही. ‘अंदाज’ फारसी. ‘मोसम’ अरबीतला ‘मौसिम’, म्हणजे ठरलेला काळ. अरब खलाशी गलबतं हाकारण्याच्या हंगामाला तो शब्द वापरत. तोच पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत जाऊन ‘मान्सून’ झाला आणि आपल्याकडं साहेबी टोपी घालून परत आला. आपण त्याचं पुन्हा ‘मोसमी’ केलं.

आमच्या घरात दोन कॅलेंडरं असतात. एकावर हिजरी महिने. ते चंद्रावर चालतात. वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. माझ्या वयाच्या माणसानं वैशाखाच्या उन्हातले रोजेही धरलेत आणि थंडीतलेही. धुवाधार पावसातली ईदही पाहिलीय, जेव्हा एकोणतिसाव्या रात्री चंद्र दिसेना, कारण चंद्राच्या जागी ढग होते. हवामान खातं आभाळाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती झाकलेत ते मोजतं. त्या रात्री आम्ही सगळे गच्चीवर उभे राहून उघडा असलेला एखादा आठवा भाग शोधत असतो. पण ईद ऋतूंतून फिरली तरी पेरणी फिरत नाही. म्हणून आमच्याकडचे मुसलमान शेतकरीही पाऊस मोजतात तो नक्षत्रांवरच. नक्षत्रं सूर्यावर चालतात, मृग दरवर्षी सात-आठ जूनलाच निघतो. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा, हस्ताचा हत्तीचा. आमच्या म्हाताऱ्यांना ही नावं अस्सलाम आलेकुमइतकी तोंडपाठ. ते वाहन बेडूक की घोडा, यावर पाऊस ठरतो हे मात्र मला पटत नाही. नक्षत्र हे कॅलेंडर म्हणून उत्तम आहे, अंदाज म्हणून नाही.

पाऊस लांबला की गावोगाव पोरं कडुलिंबाचे डहाळे बांधून धोंडी मागत फिरत आणि आमच्यातले लोक गावाबाहेर उघड्या मैदानात जाऊन इस्तिस्काची नमाज पढत. त्यात इमाम अंगावरची चादर उलटी करतो. हवा उलटू दे, दिवस पालटू दे, अशी ती मूक विनवणी. हे दोन्ही मी पाहिलं आहे आणि दोन्हींतली काकुळती सारखीच असते.

थंडीतही आमचं खोरं अंदाजाला चकवतं. वर्तमानपत्रात दर हिवाळ्यात ठळक मथळा येतो की पुणे महाबळेश्वरपेक्षा थंड. वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी उफराटं झालं. यात उफराटं काही नाही. निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता आभाळाला देऊन टाकते. तिला चिकटलेली हवा थंड आणि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत सखल भागात साठते. वर ऊब, खाली गारठा. नेहमीच्या उलट. म्हणून पहाटे वाईच्या नदीकाठी हात आखडतात, त्या वेळी वर डोंगरमाथ्यावर एखादा अंश जास्तच असतो. महाबळेश्वरातही वेण्णा तलावाच्या काठच्या सखल जागी दवाचे थेंब गोठतात, उंचावरच्या वेधशाळेत मात्र पारा तितका उतरलेला नसतो. त्या साठलेल्या गार हवेत नदीची वाफ मिसळली की धुकं. डिसेंबरात सकाळी पाचगणीच्या टेबललँडवरून खाली पाहिलं तर आमचं गाव नसतंच. दुधाचं तळं असतं. त्या तळ्याच्या तळाशी कुणीतरी एसटीचा दिवा लावून हॉर्न देत चाललेलं असतं.

सगळ्यांत कठीण महिने फेब्रुवारी-मार्च. हे हळदीचे दिवस. कंद काढायचे, कायलीत शिजवायचे आणि मग उन्हात पसरायचे. खणखणीत वाळायला दहा-पंधरा दिवस कोरडं ऊन लागतं. नेमके याच दिवसांत उत्तरेकडून पश्चिमी झंझावात येतात, त्यांच्या थंड हवेला आपल्याकडची दमट हवा भेटते आणि अवकाळी पाऊस होतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली महाराष्ट्रातली गारपीट आठवत असेल. शिजवलेली हळद भिजली तर रंग जातो, बुरशी धरते, भाव पडतो. वर्षाचं पीक खळ्यावर उघडं पडलेलं असतं.

अशाच एका मार्चमध्ये ओळखीचे एक शेतकरी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मोबाईल पुढं करून म्हणाले, “भाई, तुम्ही शिकलेलं माणूस. ह्यो तीस टक्के पाऊस म्हणतोय. म्हंजी हळद झाकू का नको?”

म्हटलं, “आबा, अशा दहा दिवसांपैकी तीन दिवस पाऊस होतो.”

“आन् सात दिवस नाही. मग नाहीच म्हना की.”

“झाकायला खर्च किती?”

“ताडपत्री घरची हाय. गडी लागतील. सहाशे धरा.”

“आणि भिजली तर?”

आबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “वीस हजाराला मरान नाही.”

मग आम्ही तिथंच खळ्याच्या कडेला बसून हिशेब केला. असे दहा दिवस आले आणि दहाही वेळा झाकलं, तर सहा हजार खर्च. एकदाही झाकलं नाही, तर तीनदा भिजणार, साठ हजार गेले. मग तीस टक्के ही शक्यता कमी की जास्त? आबांच्या हळदीसाठी जास्त. दुपारी शेजारच्या गावाला लग्नाला जाणाऱ्यासाठी कमी, फार तर टोपी भिजेल. अंदाज दोघांना एकच, उत्तर निराळं. खातं फक्त पावसाबद्दल बोलतं. तुमचं खळ्यावर काय पसरलंय, हे त्याला ठाऊक नसतं. ती दुसरी बाजू आपण मांडायची असते. आबांनी झाकली. त्या दिवशी पाऊस झाला नाही. दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढताना आबा हसून म्हणाले, “सहाशेचं औषद घेतलं, भाई. ताप आला न्हाई.”

हा हिशेब हळदीचा होता. कधी तो जिवाचा असतो. २२ जुलै २०२१ ला साताऱ्यासह घाटमाथ्याला रेड अलर्ट होता. २३ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाईत वर्षभरात जेवढा पडतो, त्याच्या जवळपास जाणारा पाऊस एका दिवसात. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. म्हणजे एका चौरस मीटरवर पाचशेचौऱ्याण्णव लिटर. डोंगराच्या उतारावरची माती एवढं पाणी पिऊ शकत नाही. त्या सुमारास पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे, कोकणात तळिये आणि आमच्या वाई तालुक्याच्या पश्चिम टोकाला कोंढावळीची देवरुखवाडी, या ठिकाणी दरडी कोसळल्या. एकाच तालुक्यात पूर्वेला पर्जन्यछाया आणि पश्चिमेला डोंगर घरावर आला. ‘वाई तालुका’ अशा दोन शब्दांत हे दोन्ही कसं मावणार? म्हणून उतारावरच्या वाडीत राहणाऱ्यानं लाल रंग ऐकला की शहरातल्या माणसासारखी थट्टा करू नये. शहाण्या माणसाच्या ताडपत्रीसारखं त्या एका रात्रीपुरतं गावात नातेवाइकाकडं यावं. दहातल्या सात वेळा फुकट हेलपाटा होईल. होऊ दे.

आणखी एक गोष्ट मला टोचते. अंदाज आभाळाचा असला तरी भरपाई पर्जन्यमापकाची असते. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनामे सुरू होतात. मापक एका गावात आणि ढग फुटला दुसऱ्या गावात, असं आमच्या डोंगराळ भागात नेहमीच होतं. ज्याचं शिवार वाहून गेलं त्याच्या मंडळात चाळीसच मिलिमीटर. मापकं वाढली पाहिजेत, हे तर आहेच. पण तोवर गावातल्या शाळेनं, ग्रंथालयानं, तरुण मंडळानं आपली वही का ठेवू नये? सरकारदरबारी ती चालेल न चालेल, पण आपल्या शिवारात पाऊस कसा पडतो, हे दहा वर्षांनी निदान आपल्याला तरी कळेल.

त्याला फार काही लागत नाही. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा एक डबा घ्या. तोंडाकडं निमुळता नको. उघड्यावर, जमिनीपासून थोडा उंच, वाऱ्यानं पडणार नाही असा बसवा. झाडाखाली नको, भिंतीला चिकटून नको, पन्हळीखाली तर नकोच. रोज सकाळी साडेआठ वाजता, कारण देशभर खातं त्याच वेळी मोजतं, शाळेतली पट्टी उभी बुडवा आणि पाणी किती मिलिमीटर चढलं ते वहीत लिहा. पट्टीच्या टोकाला शून्याआधी थोडी कोरी जागा असते, तेवढे मिलिमीटर वाचलेल्या आकड्यात मिळवा. मग डबा रिकामा करा. पाऊस झाला नसेल त्या दिवशीही वही उघडा आणि शून्य लिहा.